हाकेला ओ

"मोठ्याई, साडीत नाई जमत वो. पाय अटकून पडशीन," म्हणत दिव्यानीनं आपला काळा टी-शर्ट रंजीताच्या अंगाला लावून पाहिला.

"अन हे घालून गावातून जाऊ? लोक म्हनतीन, रंजीताबाईचं डोस्कं फिरलं."

"लोकाइच्याच बायका येऊन राह्यल्या. त्यायले कोन म्हनन?"

"मंग त्यायले नाचव ना. मले कायले वढून राह्यली?"

दिव्यानीनं टी-शर्ट घडी करून खाटेवर ठेवला. "तू नाई आली तं मी क्लासच नाई घेत. पयल्या दिवशी आपलं मानूस समोर नसन, तं मी कोनाकडे पाहू?"

दिव्यानी रंजीताच्या धाकट्या जावेची, माधवीची मुलगी. माधवी गेल्यापासून पोरीचं सगळं रंजीतानंच केलं. बाप निकेश मोहर्लीच्या जंगल-सफारीच्या गेटवर जिप्सी चालवतो. पर्यटकांशी दिवसभर बोलतो, घरी आला की तोंडाला कुलूप. पोर चंद्रपूरला होस्टेलात शिकली, तिथंच एका जिममध्ये नाचाच्या व्यायामाचं ट्रेनिंग घेतलं आणि एक स्पीकर घेऊन गावात परतली. इथंच क्लास काढते म्हणाली. गाव हसलं. रंजीता हसली नाही, पण पोरीचं हसं होऊ नये या काळजीनं तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

शेवटी तिनं मधला मार्ग काढला. खाली दिव्यानीची सलवार आणि वर, धानाच्या रोवणीला जाताना बाया साडीवर चढवतात तो, नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. "हे चालते का तुह्या जिममधी?" तिनं विचारलं.

"चालते काय, पयते," दिव्यानी म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

क्लास दुपारी चारला. दिवस बुडायच्या आत प्रत्येकीला घरात शिरायचं असतं. या गावात अंधार पडल्यावर बाहेर राहायचं ते कुणाच्या भरवशावर? समाजमंदिरात पंधरा-वीस बाया जमल्या होत्या आणि सगळ्या पाठ टेकून भिंतीला चिकटल्या होत्या.

"भिंत नाई पडत वो बाया हो, सोडा तिले!" दिव्यानी ओरडली.

"आमी पडू ना!" इंदुताई म्हणाली. साठी उलटलेली बाई, पण जीभ अजून विशीतली. "कंबर हालव म्हनतं. माही कंबर तं रोवणीतच हालून गेली."

हसत, एकमेकींना ढकलत बाया पुढं आल्या. दिव्यानीनं रंजीताला पहिल्या रांगेत उभं केलं. गाणं सुरू झालं. उजवा पाय बाजूला, मग डावा, मग टाळी. सोपंच होतं म्हणे! रंजीताचा पाय उजवीकडे गेला की हात डावीकडे जायचे, आणि टाळी वाजायची तेव्हा बाकीच्या वळून मोकळ्या झालेल्या असायच्या. एकदा ती नेमकी मीराबाईवर जाऊन आदळली.

"आवो रंजीताबाई, मले काय बैलबंडी समजल्या का?" मीराबाई म्हणाली आणि रंजीता हसली.

चांगली खळखळून हसली. मीराबाई बघतच राहिली, कारण रंजीताचा आवाज असा मोकळा लागून तीन वर्षं झाली होती. ती बोलायची, पण हळू. शेळी दूर गेली तर हाक न मारता तिच्यामागं चालत जायची. गावातल्या डॉक्टरनं गळा तपासला, बॅटरी मारून पाहिलं आणि काही नाही म्हणाला. गळ्यात काही नव्हतंच.

तीन वर्षांपूर्वीचे ते मोहफुलांचे दिवस होते. फुलं वेचायला बाया उजाडता उजाडता जंगलात जातात, आपापल्या झाडाखाली वाकून बसतात आणि झुडपांपायी एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून मधून मधून एकीनं 'हूऽऽ' करायचं आणि बाकीच्यांनी जिथं असतील तिथून 'हूऽऽ' करून ओ द्यायची. मी आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. त्या सकाळी हाक रंजीतानं मारली. इंदुताईनं ओ दिली, मीराबाईनं दिली, सगळ्यांनी दिली. माधवीनं दिली नाही. माधवी मोठी खोडकर. मुद्दाम गप्प बसायची आणि मागून येऊन भो करायची. रंजीताला वाटलं, तसंच. "माधवे, ओ दे वो! मस्करी नोको करू," ती ओरडली. पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. मग सगळ्या मिळून त्या झाडाकडे गेल्या, तर फुलांची टोपली तशीच सरळ ठेवलेली होती. माधवीला वाघानं नेलं होतं.

दोघी जावा, पण पाठच्या बहिणींना लाजवतील अशा. रंजीतानं त्यानंतर जंगलात पाऊल टाकलं नाही की दिव्यानीला टाकू दिलं नाही. पोर मोहाच्या झाडाखाली कधी बसलीच नाही.

आता समाजमंदिरात गाणं रंगात आलं होतं. बायांना घाम फुटला होता, इंदुताईनं पदर कमरेला खोचला होता आणि रंजीताची टाळी एकदाची वेळेवर वाजली होती. तिला वाटलं, माधवी असती तर आज पोट धरून हसली असती. आणि त्याच वेळी दिव्यानीनं, जिममध्ये शिकवलं होतं तसं, दोन्ही हात वर करून जोर चढवायला आरोळी ठोकली, "हूऽऽ!"

बाया जागच्या जागी थांबल्या. कुणाचे हात वरच राहिले.

पोरीला वाटलं, लाजल्या. "काऊन गप झाल्या वो? तुमी बी म्हना! जोऱ्यानं! हूऽऽ!"

आवाज हुबेहूब माधवीचा. शेवटाला जरासा चिरकणारा. मीराबाईनं तोंडाला पदर लावला. स्पीकर आपला वाजतच होता. दिव्यानी एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहत गेली, रंजीतापाशी येऊन थांबली, आणि तिचे हात हळूहळू खाली आले. बायाबायांच्या बोलण्यातून त्या सकाळचं तिच्या कानावर आलंच असणार.

हाक मारून ओ न मिळालेलं माणूस कसं उभं राहतं, ते रंजीताला ठाऊक होतं. या पोरीला तसं उभं ठेवायचं? तिनं तोंड उघडलं. आधी नुसताच वारा आला. मग आवाज आला, फाटका, खरखरीत, पण मोठा.

"हूऽऽ!"

मागून इंदुताईनं ओ दिली. मग मीराबाईनं. मग कोपऱ्यातून एक, दाराशी एक, अशा एकामागून एक सगळ्यांनी दिल्या, अगदी जंगलात देतात तशा. आणि मग सवयीनंच सगळ्या गप्प राहून ऐकत राहिल्या. शेवटची ओ येईस्तोवर कुणी हलायचं नसतं.

"सगळ्या झाल्या का, मोठ्याई?" दिव्यानीनं रडत विचारलं.

रंजीता हो म्हणणार होती. पोरीशी खोटं बोलवेना.

"एक राह्यली, बाई," ती म्हणाली.

गाणं संपलं आणि दुसरं आपोआप सुरू झालं. कुणी हललं नाही. मग रंजीतानं शर्टाच्या बाहीनं आधी दिव्यानीचे डोळे पुसले, मग आपले, आणि ती पुन्हा रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"घे वो, दिवस बुडन," ती म्हणाली. "पयले उजवा पाय होता का डावा?"