द्वापरातला दात आणि वनाची म्हैस

अमळनेरची एसटी आमच्या बोरी नदीकाठच्या फाट्यावर पार रिकामी झाली, की समजावं आज दंतनाथ महाराजांचा दरबार आहे. मंडपात लाल मखमलीवर अंगठ्याएवढा एक दात, दाताला टेकवलेली वायर, वायरीच्या टोकाला लॅपटॉप. पडद्यावर हिरवी रेघ डोंगरासारखी चढली, उतरली आणि खाली आकडा उमटला: पाच हजार वर्षं!

"पाहा! विज्ञानानं हात जोडले!" महाराज गरजले. "द्वापरातल्या ऋषींचा हा दात. याचं तीर्थ घ्या, औषधांची विषं फेका!"

आमच्याकडे बैल घेताना आधी त्याचा जबडा उघडतात. दातावरून वय कळतं, हे शेंबडं पोरही जाणतं. गाव फसलं ते तिथेच.

"दात खोटं बोलत नही, अक्का," बैलांचे दलाल झिपरू आबा मला म्हणाले. "आन् आते त मशीन बी सांगस."

मी हसून सोडलं असतं. पण माझी नणंद कोकिळा फिटच्या गोळ्या बंद करून तीर्थाची बाटली कवटाळून बसली होती. मागे गोळ्या चुकल्या तेव्हा ती चुलीवर पडली होती. कोपरावरचा डाग अजून आहे.

तिची लेक कामिनी धुळ्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती धावत आली. "मामी, एक दात मिळव. कोणाचाही."

आमचा शेजारी वना, त्याची म्हैस पोळ्याआधी मेली होती. तिची दाढ शोधली, घासली, पदरात बांधली. आरतीत महाराजांनी डोळे मिटले. मी पाया पडायला वाकले. उठले तेव्हा ऋषी पदरात होते आणि मखमलीवर म्हैस.

"पुन्हा मोजा ना, महाराज," कामिनी म्हणाली.

प्रेमराज नावाच्या चेल्यानं ऐटीत बटण दाबलं. तीच रेघ. तीच पाच हजार वर्षं.

मी पदराची गाठ सोडली. "ऋषी इथे आहेत. तिथे वनाची म्हैस आहे."

"मनी म्हैस द्वापरनी शे का रे?" वना ओरडला. मंडप खदखदून हसला.

"नास्तिक बाई, जीभ झडेल तुझी!" महाराज कडाडले.

"झडू द्या. आधी वायर दाखवा."

वायर हेडफोनची निघाली.

कामिनीनं लॅपटॉप गर्दीकडे फिरवला. "हे सॉफ्टवेअर खरं आहे, संशोधक वापरतात. पण ते दात बघत नाही. जमिनीतल्या किरणांचा परिणाम दाताच्या कवचात साठत जातो. तो मोजणारं यंत्र प्रयोगशाळेत असतं, कपाटाएवढं. त्याची रेघ इथे भरायची, आणि वर्षाला किती साठतं तेही आपणच भरायचं. हौद किती दिवसांत भरला, हे रोज किती पाणी पडतं ते कळल्याशिवाय सांगता येईल? यांनी कुठली तरी उसनी रेघ ठेवली आणि दुसरा आकडा मनचा घातला."

तिनं तो आकडा बदलला. ऋषी बावीस वर्षांचे झाले.

महाराज तोवर मंडपामागच्या गाडीत बसून पसार झाले. विज्ञान मात्र टेबलावरच राहिलं.

"बैल लेतांना जबडा मी सोता उघाडस," झिपरू आबा पुटपुटले. "आठे नही उघाडा."

बास, इथे जबडा उघडायचं आबांकडून राहिलं, तेवढंच करायचं असतं. पडद्यावर आकडा दिसला की हात जोडू नका. आत काय घातलं आणि कोणी घातलं, ते विचारा.

कोकिळा अजून बाटली धरून होती. "मंग इतला दिन माले फिट का नही उनी?"

"आली नाही, आई," कामिनी म्हणाली. "येणार नाही, असं कोणी सांगितलं?"

कोकिळानं आपल्या कोपराकडे पाहिलं. मग बाटली मंडपाच्या खांबाशी उपडी केली.

"गोळी कोठे शे?" तिनं विचारलं.