विंचघरातली घंटा

झाकण तिच्या हातातून निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. घरात शांतता इतकी मुरली होती की लेक दचकून तिला बिलगली. सासरे पाठमोरे बसून बूट चढवत होते. त्यांची मान वळली नाही.

तिने झाकण उचललं आणि या वेळी मुद्दाम टाकलं.

सासऱ्यांनी नाडी आवळली. "डबा झाला का गं?" असं ओरडूनच विचारलं. हल्ली ते ओरडूनच बोलत. इंजिनापाशी जन्म गेला, आवाज चढणारच, असं नवरा हसून म्हणायचा.

तो गेल्यापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. डोळ्यांतलं पाणीसुद्धा संपावर गेलं होतं. आताही तिने झाकण पुसून जागेवर ठेवलं.

बोटी दुरुस्तीला वर ओढायची ती दगडी उतरण आणि तिच्या माथ्यावरचं, दोर ओढणाऱ्या यंत्राचं विंचघर, दोन्हींनी शंभरी ओलांडली होती. सासरे तिथे वाफेचं इंजिन चालवत. तारेचा दोर गुंडाळत जाई आणि रुळांवरचा गाडा बोटीला पाठुंगळी घेऊन पाण्याबाहेर येई. आतून खालचं काही दिसत नसे, सगळा कारभार घंटेवर. एक ठोका, ओढा. दोन ठोके, थांबा. थांबलं की माणसं बोटीखाली शिरून ठोकळे बसवत. नवरा तसाच शिरला होता, आणि गाडा सरकला होता.

"घंटा वाजलीच नाही," सासरे छातीठोक म्हणाले होते. खालचा घंटेवाला, वाजवली म्हणून, पोराची शपथ घेऊन सांगत राहिला, पण त्याला कामावरून हाकललं. तो दारात आला तेव्हा तिनेच त्याच्या तोंडावर दार लावलं होतं.

"अण्णा, आज नका जाऊ."

"हो, हो," म्हणत सासरे डबा घेऊन निघालेसुद्धा.

तिने लेकीला कडेवर घेतलं आणि मागोमाग गेली. बॉयलरच्या शेडपाशी कोळसेवाला भेटला. "वहिनी, इकडे कुठे?"

"पोरीला इंजिन दाखवते."

"दाखवा, दाखवा. माझ्या बायकोला वाटतं, मी इथे दिवसभर शेकत बसतो!"

आत विंचघरात सासरे इंजिनाचा दांडा धरून बसले होते. नजर भिंतीवरच्या घंटेवर, तिच्या आतल्या लोलकावर खिळलेली. खालून तार ओढली गेली, लोलक हलला, एक ठोका पडला. त्यांनी दांडा पुढे रेटला. ती बघत राहिली. ते घंटा डोळ्यांनी ऐकत होते.

दोर ताणला, इंजिन धापा टाकू लागलं. जुन्या सांध्यातून वाफ सुटली आणि भिंत, घंटा, सगळं पांढरं झालं.

त्या पांढऱ्यातून दोन ठोके आले. स्वच्छ, खणखणीत.

सासऱ्यांचा हात तसाच राहिला.

लेकीला खाली सोडून तिने त्या हातावर हात ठेवला आणि दांडा मागे खेचला. इंजिन थांबलं. खालून ठोकळ्यांची ठाकठूक ऐकू आली. वाफ विरली. सासऱ्यांनी घंटेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वाजली?" त्यांनी विचारलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हळू.

तिने होकारार्थी मान हलवली. हाताखालचा म्हातारा हात सोडावा की धरून ठेवावा, तिला सुचेना.

लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, बाबांच्या वेळीपण वाजली होती?"