सासूची अट

खेळातून शिकवा म्हणे. म्हणून आमच्या नर्सिंगच्या वर्गात मीही खेळ लावला. दीपिकाच्या पोटावर उशी बांधून तिला गरोदर सून केलं आणि मंगलीला सासू. सुनेला दवाखान्यात न्यायला सासूचं मन वळवायचं, हे काम नर्स झालेल्या रंजीताचं.

रंजीता पुस्तकातलं सगळं बोलली. मंगली पदर खोचून म्हणाली, "न्या ना. पण रोवणा सुरू हाये. हिच्या जागी बांधीत धान रोवाले कोण येते?"

रंजीता पुस्तकाची पानं उलटू लागली. माझंच डोकं तापलं. "मी येते तुमच्या शेतात भात लावायला," म्हटलं.

रविवारी सकाळी मंगली माझ्या दारात.

"चला, मॅडम."

"अगं, तो खेळ होता."

"सून खोटी होती, मॅडम. बांधी खरी हाये."