योशिदाबाईंचं पहिलं अक्षर

केळीच्या खोडाच्या धाग्याच्या पिशव्या विकणं हे माझं काम, आणि माझी वेबसाइट बनवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेणं हे माझ्या धाकट्या भावाचं, ललितचं. गिऱ्हाइकाने नाव टाकलं की त्याचा प्रोग्राम एकेक अक्षर वेगळं करून चौकटीत छापतो. शाहपूरच्या भागाबाई ते बघून पिशवीवर दोऱ्याने भरतात.

परवा जपानहून पहिलीच ऑर्डर आली. एका बाईंना आईच्या वाढदिवसाला पिशवी हवी होती, त्यावर जपानी लिपीत आडनाव: योशिदा. आमच्या लालबाग मोहल्ल्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. भागाबाई पिशवी घेऊन आल्या, तर सुरुवातीलाच दोन रिकामे चौकोन, अगदी सुबक भरलेले!

"हे काय, भागाबाई?"

"कागदावर दिसलं तेच भरलं. मले वाटलं, जपानचं नाव असंच असन."

त्यांचं काय चुकलं? ललितचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं. योशिदांच्या नावाचं पहिलं जपानी अक्षर दुर्मीळ. कॉम्प्युटर ते दोन कोड जोडून साठवतो, आणि आमच्या शहाण्याचा प्रोग्राम त्याला मधोमध कापत होता. एकट्या तुकड्याला काही अर्थच नाही, म्हणून चौकोन.

"ताई, टेन्शन नको," ललित म्हणाला. "याच्यासारखंच एक सोपं अक्षर आहे, फक्त खालच्याऐवजी वरची रेघ लांब. वहाँ सब वही लिखते हैं, चल जाएगा."

माझं डोकंच फिरलं. "आहेराच्या भांड्यावर पाटलांच्या जागी पटेल घातलं तर चालेल का रे तुला?"

चिडला, पण कामाला बसला. जोडकोड न तोडता मोजायला प्रोग्रामला शिकवलं, ते अक्षर असलेला फॉन्ट हुडकून काढला. संध्याकाळी छापलं तेव्हा अक्षर एकसंध होतं, खालची रेघ लांब. भागाबाईंनी नवी पिशवी भरली आणि कुरिअर वेळेत निघालं.

वाढदिवसानंतर योशिदाबाईंचा मेल आला. बँकेत, दवाखान्यात, कुठल्याच मशीनला हे अक्षर येत नाही म्हणून आई जन्मभर दुसरंच लिहीत आली. पिशवीवरून हात फिरवत तिने विचारलं, "इतक्या लांबच्या माणसांना माझं नाव कसं माहीत?"

मी तो मेल भागाबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या.

"सांग त्याइले, तुमीच तं लिहून पाठवलं होतं. आम्ही फकत बदललं नाही."