बर्फावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. पाचूबंदरच्या मासळीवाल्या जुलियानाच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो गुबगुबीत उंचवटा होता, तो मी. पस्तीस वर्षे तिने पापलेट, सुरमई साफ केली ती माझ्या जोरावर. "जुलियानाचा हात म्हणजे हात!" असे सगळा बाजार म्हणायचा आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

माझ्या पोटात तंतुकणिका नावाच्या हजारो इवल्या चुली आहेत. मनगटातल्या नसेतून हुकूम आला की त्या भडकतात आणि मी अंगठा ओढून धरतो.

गेल्या वर्षी सणाच्या गर्दीत तिचे मनगट विळीवर घसरून खोल कापले. हळद दाबून तिने फडके बांधले. बोटे बधिर झाली, तेव्हा तिचा नवरा सेबेस्टियन म्हणाला, "सकाळपासून बर्फात हात हाय तुझा. सुन्न व्हायचाच." तिलाही ते पटले. मासळीवाल्यांची बोटे रोजच बधिर होतात, त्यासाठी डॉक्टरकडे कोण जाणार?

पण नस तुटली होती. हुकूम बंद झाले. मला वाटले, चला, सुट्टी! इथेच माझा गुन्हा घडला. काम नसल्यामुळे चुली धड जळेनात, नुसता विषारी धूर ओकू लागल्या. त्या धुराने चुलीच पोळल्या, मोडल्या. मग मी माझेच धागे खाऊ लागलो. दीड महिन्यात उंचवट्याच्या जागी खळगा पडला. ज्या हाताने मला पोसले त्याच्याशी मी असा वागलो, याची मला फार लाज वाटते.

खळगा पाहून सेबेस्टियन घाबरला आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी शस्त्रक्रिया करून नस जोडली. "नस वाढत स्नायूपर्यंत पोहोचायला काही महिने लागतील. तोवर स्नायू टिकला, तरच अंगठा चालेल," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून सेबेस्टियन रोज तेल लावून तिचा अंगठा हलवतो. बाजारात विळीवर स्वतः बसतो, बायकांचे काम करतो म्हणून होणारी थट्टा ऐकून घेतो. "मीच बर्फाचं नाव घेतलं," एवढेच अधूनमधून पुटपुटतो.

काल, शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या महिन्यात, हुकूम आला. उरल्यासुरल्या चुली पेटवून मी जेमतेम थरथरलो. सेबेस्टियन हुंदके देऊ लागला. जुलियानाने मात्र खळग्यावरून बोट फिरवले.

"लय उपाशी ठेवला तुला," ती मला म्हणाली.

तिने मला रागवायला हवे होते!

मित्रांनो, जखमेनंतर बोट बधिर राहिले तर बर्फावर आळ घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्वतःलाच खाऊन बसलेल्या स्नायूची कुणी माफी मागावी, याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही.