घरच्या खुशालीपुरतं

मदतकेंद्राच्या फोनच्या खोलीत एक बाक, एक टेबल आणि एक फोन आहे. फोनवर बसणाऱ्या ताईनं मला नियम पुन्हा सांगितला.

"काका, घरच्या खुशालीपुरतं बोला. सैन्य, गोळीबार, रस्ते, असला एक शब्द निघाला की पलीकडचे लाइन तोडतात."

पलीकडे म्हणजे आमच्या गावात, तिथं आता दुसऱ्यांचं सैन्य बसलं होतं. आमच्या लोकांना तिथून हाकललं तेव्हा मी आणि बायको निघालो. सासूबाई उंबरा सोडायला तयार झाल्या नाहीत. आता लढाई गावाच्या वेशीवर येणार, हे इथं सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मदतवाल्यांची शेवटची गाडी म्हाताऱ्या माणसांना आणायला तिकडे जाणार होती, आणि सासूबाईंनी तिलाही नकार दिला होता. त्यांना राजी करायचं काम माझ्याकडे आलं. पण का यायचं, ते सांगायला बंदी.

त्यांना आणखी एक गोष्ट माहीत नव्हती. त्यांची लेक इथं छावणीत तापानं गेली होती. त्यानंतर फोन आज पहिल्यांदाच लागणार होता.

बाकावर माझ्या शेजारी छावणीतला न्हावी बसला होता. हळूच म्हणाला, "सांगून टाक ना, लेक आजारी आहे, आई आई करतेय. म्हातारी धावत येईल. पुढचं पुढं."

फोन लागला. तिकडे मदतवाल्यांचा माणूस फोन घेऊन त्यांच्या घरी गेला होता.

"कोण, जावईबापू? आहात का अजून?"

"आहे, आई."

"मग आवाज असा का? रात्री अंगावर घेत नसाल काही. सांगून सांगून थकले मी!"

बायकोही रागावली की शेवटचा शब्द असाच ओढायची. मी डोळे मिटले. वाटलं, यांनी नुसतं रागावत राहावं.

"उद्याच्या गाडीनं या, आई."

"जावयाच्या दारात येऊन राहू? लोक तोंडात शेण घालतील."

"इथं कुणाला दारच नाही. तंबू आहेत."

त्या हसल्या. "मग तर मुळीच नको. तिला द्या फोन."

न्हाव्याचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. तेवढं म्हटलं असतं तर त्या गाडीत बसल्या असत्या. लेकीसाठी बांधून घेतलेलं गाठोडं वाटभर चाचपत आल्या असत्या, आणि उतरल्यावर माझ्या मागं तिला शोधलं असतं.

"आई, ती नाही राहिली. ताप आला होता. वाचली नाही."

लाइन तुटली की काय, म्हणून मी ताईकडे पाहिलं. लाइन चालू आहे, असं तिनं खुणेनं सांगितलं.

मग आवाज आला. "माझी आठवण काढली?"

"काढली. म्हणाली, आई हट्टी आहे, अगदी माझ्यावर गेलीय."

त्या हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

"कुठं पुरलंय तिला?"

"छावणीच्या मागं, चढावर. मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो."

"बसून काय करता? ती बडबडी पोर. तुम्ही आयुष्यात धड चार वाक्यं बोलला नाहीत तिच्याशी."

"अजून जमत नाही."

त्यांनी नाक ओढलं. मग तिथल्या माणसाला विचारलेलं मला ऐकू आलं, "काय रे, गाडी किती वाजता येते?"



"ठेवते मग," त्या म्हणाल्या. "आवरायला हवं."

"आई, ठेवू नका. थोडं बोला."

"आता काय बोलू?"

"काहीही. मला रागवा."

त्यांनी रागवायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांना रडू फुटलं. मी फोन कानाशी घट्ट धरून बसलो. दारात पुढचा माणूस येऊन उभा राहिला होता. ताईनं त्याला हातानंच थांबवलं.