कागदी लीगचा सेक्रेटरी

झेंडा उजव्या हातात धरायचा की डाव्या, हे विचारायचे राहूनच गेले आणि शिट्टी वाजली. श्रावण पराते चुन्याच्या रेषेबाहेर उभा होता. अंगात ऑफिसचीच खाकी पँट, पायात चपला, हातात लाल झेंडा. थोड्या वेळापूर्वी तो सदर मोहल्ल्यातल्या या मैदानावर इतरांसारखाच चणे खात बसला होता. पण नेमलेला लाइनमन सासुरवाडीला कुहीला गेलेला, आणि त्याची बस वाटेत बंद पडल्याचा निरोप आला. तेव्हा रेफरी धोंडबाजी मास्तरांनी पायऱ्यांवरच्या गर्दीवर एक नजर फिरवली आणि बोट श्रावणकडे केले.

"तुम्ही या, पराते. सगळ्या सदरमंधी बिनपक्षाचे एक तुम्हीच आहा."

हे खरे होते. श्रावणची टीम नव्हती. मैदानावर नव्हती, आणि कागदावरही नव्हती. कागदावर नसणे ही त्यातली मोठी गोष्ट.

कागदाची भानगड अशी. काही वर्षांपूर्वी मैदानात पाणी साचून फुटबॉलचे सामने बंद पडले होते आणि चार मित्र लहानूच्या सायकल दुकानात बसून वाद घालत होते: शहरातल्या सगळ्या क्लबांचे खेळाडू एकत्र केले, तर त्यातले सर्वांत चांगले अकरा कोणते? वाद इतका पुढे गेला की लहानूने हातात पंप घेतला. हवा भरायला नव्हे. तेव्हा श्रावण म्हणाला, भांडता कशाला, प्रत्येकाने आपापले अकरा निवडा. कोणत्याही क्लबातले घ्या, पण एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. आपल्या माणसाने गोल केला की एक पॉइंट. आपल्या गोलकीपरने सामन्यात गोल खाल्ला नाही, तरी एक पॉइंट. सीझन संपला की मोजू.

अशी कागदी लीग सुरू झाली. निवडीचा पहिला मान कोणाचा हे ठरवायला लहानू सायकलचे छर्रे मुठीत धरायचा, आणि किती आहेत हे बरोबर सांगेल तो पहिला. ज्यांना निवडले जायचे त्यांना मात्र याचा पत्ता नसे. कन्हानच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड इस्माईल चार वर्षे पोस्टातल्या दादाजी मेश्रामच्या मालकीचा होता आणि त्याला बिचाऱ्याला ते ठाऊक नव्हते. सदर बॉईजचा गोलकीपर फ्रान्सिस हा कापडवाल्या गुलाबचंदचा. फ्रान्सिस त्याच्या दुकानातून उधारीवर शर्टाचे कापड नेई आणि गुलाबचंद ते विनातक्रार देई, यामागचे कारण फ्रान्सिसला कधीच कळले नाही.

हिशेब ठेवायला सेक्रेटरी हवा, आणि सेक्रेटरीने स्वतः टीम घेऊ नये, हा नियम श्रावणनेच केला. तो विजेचे मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून जो आकडा दिसेल तो उतरवायचा, आणि मीटर जोरात पळते म्हणून घरमालकाच्या शिव्या खायच्या. कागदी लीगमध्ये मात्र त्याच्या आकड्याला कोणी हरकत घेतली नव्हती. गोल कोणाच्या पायाला लागून गेला यावरून वाद झाला की सगळे त्याच्याकडे वळत, आणि श्रावण सांगे तो गोलचा मालक. घरात, ऑफिसात, सासरी, कुठेही त्याच्या शब्दावर कोणी असे गप्प होत नसे. या एका जागेवर तो कोणीतरी होता, आणि ती जागा पायऱ्यांवरची असली तरी त्याला पुरेशी होती.

आता झेंडा हातात होता. सीझनचा शेवटचा सामना, कन्हान विरुद्ध सदर बॉईज. कागदावर दादाजी आणि गुलाबचंद बरोबरीत. इस्माईलने गोल मारला तर दादाजी जिंकणार, फ्रान्सिसने गोल होऊ दिला नाही तर गुलाबचंद. श्रावणला हे सगळे पाठ होते. रेषेवर पळताना ते विसरायचा त्याने प्रयत्न केला, आणि विसरायचा प्रयत्न केलेली गोष्ट जशी डोक्यात बसते तशी ती बसली.

खेळ संपत आला तरी गोल नव्हता. मग मधून एक लांब पास आला, इस्माईल सुटला, फ्रान्सिस पुढे धावला आणि बॉल त्याच्या बगलेखालून जाळ्यात गेला. कन्हानहून ट्रकने आलेली माणसे मैदानात घुसली. आणि श्रावणचा झेंडा वर होता.

धोंडबाजी मास्तरांनी झेंडा पाहिला, शिट्टी फुंकली आणि हाताने खूण केली. ऑफसाईड, म्हणजे पास निघताना इस्माईल सदरच्या शेवटच्या बॅकच्या पुढे होता. गोल नाही. थोड्या वेळाने सामना संपला. इस्माईलने श्रावणजवळून जाताना थांबून फक्त त्याच्या चपलांकडे पाहिले. कन्हानची माणसे बरेच काही बोलली. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दादाजी पायऱ्यांवर तसाच बसून होता. तो मोजून बोलणारा माणूस. पत्त्यावर पिन नसलेली पाकिटेही तो न चुकता योग्य गावाला पाठवायचा. श्रावण जवळ आल्यावर त्याने आधी त्याला बसायला जागा करून दिली.

"एक विचारू का गा?"

"विचार ना."

"तुले तो ऑफसाईड दिसला, का वाटला?"

श्रावण म्हणाला, दिसला. दादाजीने मान हलवली आणि चपला शोधू लागला. एवढेच झाले. पण हा प्रश्न श्रावणच्या सोबत घरी आला.

तोवर डोळा आणि हात या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्याच्या कधी लक्षात आले नव्हते. मीटरवर आकडा दिसे, हात लिही. आता तो जिन्याखाली वाकून आकडा लिही, आणि रस्त्यावर येऊन पुन्हा आत जाई. एका बाईने विचारलेही, काय हो, अजून काही पळून राहिलं का मीटर? तो निघाला. सायकल घेऊन उन्हात मैदानावर गेला. चुन्याची रेषा अर्धी पुसली होती. तो जिथे उभा होता तिथे उभा राहिला, आणि सदरच्या बॅकला, इस्माईलला, बॉलला मनात आपापल्या जागी ठेवू लागला. दोनदा इस्माईल पुढे निघाला. एकदा नाही निघाला. तिथे चरणाऱ्या शेळ्यांना याचे काही नव्हते.

त्यात भर म्हणून गुलाबचंद पेढे घेऊन घरी आला. भर दुपारी, साऱ्या मोहल्ल्यादेखत, स्कूटरचा हॉर्न वाजवत. "कमाल केली यार पराते तुम्ही. इतके वर्ष झाले, पहिल्यांदा जिंकलो," असे तो दारातूनच म्हणाला. श्रावणने पेढे नको म्हटले. गुलाबचंदला वाटले भाऊ लाजतो आहे, त्याने पुडा खाटेवर ठेवला. तो मनाचा सरळ माणूस होता. मागच्याच महिन्यात त्याने श्रावणच्या मेहुण्याला दुकानात कामाला लावले होते, तेही असेच, न सांगता, न मागता. ती गोष्ट तेव्हा चांगली होती. आता ती दुसऱ्याच कुठल्यातरी यादीत जाऊन बसली होती.

"पेढे काहून फेकता जी?" त्याची बायको कौसल्या म्हणाली. श्रावण ते गल्लीतल्या गाईला घालत होता. "लोक मीटरवरून चोर म्हनते तवा तं मस्त घोरता. एका झेंड्यानं काय झालं?"

"ते परके आहे वं."

कौसल्येने उरलेले पेढे पदराखाली घेतले आणि घरात ठेवले. चांगल्या खव्याचे होते.

सीझन संपला की जेवण असे, आणि ते श्रावणच्या घरी. कोष्ट्यांच्या घरातला तो सावजी मटणाचा रस्सा, कौसल्येच्या हातचा, आणि त्याच्या तिखटाने लहानूच्या डोळ्यांतून पाणी येई ते लोक दुःखाचे समजत. जिंकणाऱ्याला त्यातली मगजाची नळी, हा मान. दरवर्षी सेक्रेटरीने नाव जाहीर करायचे आणि कौसल्येने ती नळी त्या माणसाच्या ताटात वाढायची. गुलाबचंद मटणाला हात लावत नसे. त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात बेसनाच्या पाटोडीचा रस्सा असे, आणि तो दाराजवळ बसून आनंदाने जेवे. तो कधी जिंकला नसल्यामुळे नळीचा प्रश्न कधी आला नव्हता.

या वर्षी तो आला. कौसल्या पातेले घेऊन उभी राहिली.

"कोनाले वाढू जी?"

सगळे श्रावणकडे पाहू लागले. पूर्वी हे पाहणे त्याला आवडे. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, गुलाबचंद. आवाज त्याला स्वतःलाच खालून आल्यासारखा वाटला. गुलाबचंद हसला, हात जोडले आणि म्हणाला, माझ्याकडून दादाजींना द्या वहिनी. दादाजीने ताटावर हात आडवा धरला.

"जिंकला त्याची नळी. नियम कायले मोडता?"

तेव्हा कौसल्येने ती एका वाटीत काढून मधोमध ठेवली. सगळे तिच्या आजूबाजूने जेवले. रस्सा उत्तम झाला होता, असे प्रत्येकजण म्हणाला, आणि एरवी रस्सा उत्तम झाला की कोणी काही म्हणत नसे. वाटीवर तर्री गोठत गेली. लहानूचा जीव तिच्यात अडकला होता, पण त्याच्या टीमचा नंबर शेवटचा.

हात धुतल्यावर दादाजीने विषय काढला. त्याने तो चांगल्या मनाने काढला, हे श्रावणला पुढे कधी नाकारता आले नाही.

"मी म्हनतो, येत्या सीझनले श्रावणनंही टीम घ्यावी. किती वर्ष नुसता पाहून राहीन तो? त्याले काय मन नाही का? हिशेब लहानू ठेवीन."

लहानूला हिशेब येत नसे. पंक्चरचे पैसेही तो गिऱ्हाइकालाच मोजायला लावी. पण तो म्हणाला, ठेवीन ना. गुलाबचंद म्हणाला, हे तर फारच छान, मजा येईल. कोणी श्रावणला काढले नाही. सगळ्यांनी मिळून त्याला आत घेतले.

"चालेन," श्रावण म्हणाला.

ते सगळे गेल्यावर कौसल्येने नळीची वाटी पुन्हा चुलीवर गरम केली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती तिच्याकडे सरकवली. ती म्हणाली, मले कायले. मग तिनेच खाल्ली, ताटलीवर ठोकून ठोकून, आणि श्रावण तो आवाज ऐकत बसला.

नव्या सीझनला छर्ऱ्यांचा आकडा श्रावणला एकदाही बरोबर सांगता आला नाही. त्यामुळे उरलेसुरले त्याच्या वाट्याला आले: दोन म्हातारे हाफबॅक, एक गोलकीपर ज्याला उन्हाचा चष्मा लागे, आणि कन्हानचा शालिक नावाचा नवा विंगर. कोळशाच्या खाणीत लागलेला, पायाने वाकडा, पण वेगवान. त्याचे नाव घेतले तेव्हा बाकीचे हसले. श्रावणला राग आला. आपल्याला शालिकसाठी राग आला, हे लक्षात येऊन त्याला जरा विचित्र वाटले.

आठवडाभर त्याला शालिकची काळजी लागून राहिली. पोराची खाणीत रात्रपाळी तर नसेल? गुडघ्याला पट्टी होती ती कशाची? रविवारी तो सगळ्यांच्या आधी पायऱ्यांवर जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. दादाजी आला, लहानू आला. गुलाबचंद दुकान लवकर बंद करून आला. त्या दिवशी कन्हानची गाठ रेल्वे कॉलनीतल्या एका टीमशी होती.

दुसऱ्या हाफमध्ये इस्माईलने बॉल उजवीकडे काढून दिला. शालिक वाकड्या पायांनी निघाला, धूळ उडाली, आणि कोणाला काही कळायच्या आत बॉल जाळ्यात होता. श्रावण उभा होता, दोन्ही हात डोक्याच्या वर. तो ओरडत होता आणि तो आवाज त्याचा आहे हे त्याला शेजारचे वळून पाहू लागले तेव्हा समजले.

खाली दुसऱ्या टीमचे खेळाडू लाइनमनभोवती जमले होते. ऑफसाईड, ऑफसाईड. लाइनमन झेंडा खाली धरून मान हलवत होता. बाचाबाची वाढली. गुलाबचंद म्हणाला, होता. लहानू म्हणाला, नव्हता. वाद जुन्या वळणावर आला तसा दादाजी, केवळ सवयीने, श्रावणकडे वळला.

"काय गा, होता का?"

श्रावणने तोंड उघडले. शालिक त्याला दिसला होता, निघाल्यापासून शेवटपर्यंत. गुडघ्याची पट्टी सुटून मागे लोंबत होती तीसुद्धा दिसली होती. पण समोरच्या टीमचा शेवटचा बॅक कुठे होता? त्याने आठवून पाहिले. तिथे मैदान नुसते रिकामे होते. इस्माईलचा तो गोल मात्र आताही त्याच्यासमोर जसाच्या तसा होता, सदरचा बॅक, दोन पावले पुढे इस्माईल, आणि पास देणाऱ्याचा बॉलला लागत असलेला पाय. पण ते आता कोणी विचारत नव्हते.

"मले नाही दिसलं," तो म्हणाला.

दादाजी लहानूला म्हणाला, "लिही गा. श्रावणचा एक."

लहानू पेन्सिल शोधू लागला. श्रावणचे हात अजून वरच होते. बसताना त्याने ते खाली घेतले, आणि कुठे ठेवावेत हे न कळून मांडीवर ठेवले.